वन-हिट वंडर नेमकं कुणाला म्हणायचं? मोजपट्टी ठरवू या

तबकडी७८ (इंदूर)

मंडळाच्या गणेशोत्सवात यंदा गाण्यांच्या प्रश्नमंजूषेत एक फेरी वन-हिट वंडरची ठेवली आहे. चाळीस कार्डं करायची आहेत. समोर गाण्याचा मुखडा, मागे कलाकाराचं नाव आणि एका ओळीत पुरावा. नाव लिहिणं सोपं, पुरावा लिहायला बसलं की हात अडखळतो. ज्याचं 'एकच गाणं चाललं' असं आपण छातीठोकपणे म्हणतो, त्याचं दुसरं गाणं समोरच्या रांगेतलं कुणीतरी मुखड्यासकट म्हणून दाखवतं आणि मग गुण द्यायचे की नाही यावरच वेळ जातो. म्हणून कार्डं छापण्याआधी नियम इथे ठरवू या.

प्रचलित मोजपट्ट्या तीन आहेत. अमेरिकेतली सैल पट्टी अशी की बिलबोर्डच्या हॉट १०० या साप्ताहिक चार्टवर जो पहिल्या ४० मध्ये आयुष्यात एकदाच आला, तो वन-हिट वंडर. हा चार्ट ४ ऑगस्ट १९५८ पासून चालू आहे. ४० हा आकडा तिथल्या रेडिओ केंद्रांच्या टॉप फॉर्टी पद्धतीतून आला. जी गाणी दिवसभर आलटून पालटून वाजत तेवढीच 'हिट'. दुसरी पट्टी त्याच चार्टची पण कडक. गाणं पहिल्या क्रमांकावर गेलं पाहिजे आणि त्या कलाकाराचं दुसरं कोणतंही गाणं शंभरातसुद्धा कधी दिसता कामा नये. तिसरी पट्टी ब्रिटनची. एक गाणं पहिल्या क्रमांकावर, आणि त्याच्या आधी किंवा नंतर पहिल्या ७५ मध्ये काहीच नाही.

तिन्ही पट्ट्या एकाच माणसाला लावून पाहा. कार्ल डग्लस, 'कुंग फू फायटिंग', १९७४. निर्माता आपला बंगळुरूचा बिद्दू, ज्याने पुढे 'कुर्बानी'साठी 'आप जैसा कोई' केलं. हे गाणं अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये दोन्हीकडे पहिलं आलं. पाठोपाठ काढलेलं 'डान्स द कुंग फू' अमेरिकेत ४८ वर थांबलं, ब्रिटनमध्ये ३५ वर. शिवाय १९७७ मध्ये 'रन बॅक' ब्रिटनमध्ये २५ पर्यंत चढलं. म्हणजे सैल पट्टीने डग्लस वन-हिट वंडर, कडक पट्टीने नाही, ब्रिटिश पट्टीने तर मुळीच नाही.

कडक पट्टीत बिनतोड बसणारं नाव म्हणजे झेगर अँड एव्हन्स. १९६९ चं 'इन द इयर २५२५' अमेरिकेत ६ आठवडे आणि ब्रिटनमध्ये ३ आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं, आणि त्यानंतर दोन्ही देशांच्या चार्टवर त्या जोडीचं एकही गाणं नाही. पण अशा नावांनी चाळीस कार्डं भरत नाहीत, आणि समोरच्यांनी गाणं ऐकलेलंही असायला हवं. म्हणून माझा प्रस्ताव सैल पट्टीचा आहे. हरकती सांगा.


रामबाग (इंदूर)

सैल पट्टी जशीच्या तशी घेतलीत तर पहिल्याच फेरीत जिमी हेंड्रिक्स वन-हिट वंडर ठरेल. अमेरिकेत पहिल्या ४० मध्ये त्याचं एकच गाणं आहे, 'ऑल अलाँग द वॉचटॉवर', १९६८, क्रमांक २०. ग्रेटफुल डेडचंही तेच. वीस-बावीस वर्षं मैदानं भरून वाजवल्यावर १९८७ मध्ये 'टच ऑफ ग्रे' नवव्या क्रमांकावर गेलं, आधी काही नाही आणि नंतरही नाही. लू रीड, 'वॉक ऑन द वाइल्ड साइड', १९७३, क्रमांक १६, बस्स. या लोकांना वन-हिट वंडर म्हणणं म्हणजे कुमार गंधर्वांची गाणी फिल्मी काउंटडाउनमध्ये शोधण्यासारखं आहे. चुकीच्या खिडकीतून पाहिलं की माणूस दिसणारच नाही.

कारण साधं आहे. हे लोक सिंगल (एकेका गाण्याची तबकडी) विकून जगत नव्हते, अल्बम आणि मैफली विकून जगत होते. हेंड्रिक्सचा 'इलेक्ट्रिक लेडीलँड' १९६८ मध्ये अमेरिकन अल्बम चार्टवर पहिला होता. तेव्हा नियमाला एक पाचर मारा. सिंगलच्या चार्टवर एकदाच दिसलेला कलाकार अल्बमच्या चार्टवर दोनदा वर आलेला असेल, तर कार्ड बाद. या एका चाळणीने बहुतेक अडचणीची नावं गळून पडतात.


मांडवी (बडोदे)

रामबागांशी सहमत, पण त्याआधी देशाचा प्रश्न सोडवा. चार्ट हा जगाचा नसतो, एका बाजारपेठेचा असतो.

व्हीएच-वन या अमेरिकन वाहिनीने २००२ मध्ये १०० सर्वश्रेष्ठ वन-हिट वंडरांची यादी दाखवली होती. आजही नेटवर फिरणाऱ्या बहुतेक याद्या तिच्यावरूनच उतरवलेल्या दिसतात. तिच्यातल्या पहिल्या दहांतली नावं तपासा. सॉफ्ट सेलचं 'टेंटेड लव्ह' अमेरिकेत ८ वर गेलं, पण ब्रिटनमध्ये त्यांची हिट गाणी ओळीने आहेत. डेक्सीज मिडनाइट रनर्सचं 'कम ऑन आयलीन' १९८३ मध्ये अमेरिकेत पहिलं आलं, पण ब्रिटनमध्ये त्याच्याही आधी १९८० मध्ये 'जीनो' पहिलं आलेलं. राइट सेड फ्रेडचं 'आय अ‍ॅम टू सेक्सी' १९९२ मध्ये अमेरिकेत पहिलं, ब्रिटनमध्ये मात्र दुसऱ्या क्रमांकावर अडकलं आणि तिथे त्यांना पहिला क्रमांक मिळाला तो 'डीपली डिपी'ला. नेनाचं '९९ लुफ्टबलोन्स' अमेरिकेत जर्मन भाषेतच दुसऱ्या क्रमांकावर गेलं. जर्मनीत ती आजही मोठी गायिका आहे.

बरं, त्या यादीत खुद्द अमेरिकन हिशोबानेही चुकलेली दोन नावं पहिल्या दहांत आहेत. आ-हाच्या 'टेक ऑन मी'नंतर 'द सन ऑलवेज शाइन्स ऑन टीव्ही' अमेरिकेत २० व्या क्रमांकावर गेलं होतं. व्हॅनिला आइसचं 'प्ले दॅट फंकी म्युझिक' तर ४ वर. लोकांना आठवत नाही म्हणून गाणं हिट नव्हतं असं होत नाही.

आपल्याकडची जोड द्यायची तर रुना लैला. हिंदी चित्रपटांत बहुतेकांना ती 'घरौंदा'च्या 'दो दीवाने शहर में' पुरती माहीत आहे, १९७७. ढाक्यात जाऊन तिला वन-हिट वंडर म्हणून बघा.

तेव्हा कार्डावर 'कुठे' हा रकाना हवाच.


तबकडी७८ (इंदूर)

दोन्ही मान्य. 'कुठे' चा रकाना वाढवतो, आणि अल्बमची चाळणी घेतो. आ-हा आणि व्हॅनिला आइस ही कार्डं काढली.


शॉर्टवेव्ह (इंदूर)

देश ठरला तरी काम संपत नाही, कारण चार्टचं मापच मधे मधे बदललेलं आहे. कोणतंही नाव तपासताना आधी साल बघा, मग क्रमांक.

सगळ्यात मोठा खड्डा १९९८ च्या आधीच्या अमेरिकेत आहे. ५ डिसेंबर १९९८ पर्यंत हॉट १०० वर येण्यासाठी गाणं दुकानात सिंगल म्हणून विकायला असावं लागे. कंपन्यांना पूर्ण अल्बम खपवायचा असे, म्हणून नव्वदच्या दशकात त्या मुद्दामच सिंगल काढत नसत. रेडिओवर गाणं दिवसरात्र वाजतंय आणि मुख्य चार्टवर त्याचं नाव नाही, असा प्रकार. नो डाउटचं 'डोन्ट स्पीक' रेडिओच्या चार्टवर १६ आठवडे पहिलं होतं, हॉट १०० वर कधीच आलं नाही. नताली इम्ब्रुलियाचं 'टॉर्न' तर याहून विचित्र. रेडिओच्या चार्टवर ११ आठवडे पहिलं. नियम बदलला तेव्हा ते ओसरायला लागलेलं, म्हणून हॉट १०० वर त्याचा सर्वोच्च क्रमांक ४२. सैल पट्टी लावलीत तर अमेरिकेत तिचं एकही हिट नाही. वन-हिट सोडा, झीरो-हिट. तिचं कार्ड करणार असाल तर रेडिओचा चार्ट धरा आणि तसं मागे लिहा.

दुसरा खड्डा दोन बाजूंच्या तबकडीचा. २९ नोव्हेंबर १९६९ पासून बिलबोर्डने तबकडीच्या दोन्ही बाजू गाजल्या तर त्यांना एकत्र एकच जागा द्यायला सुरुवात केली. त्याआधी अ बाजू आणि ब बाजू वेगवेगळ्या मोजत. म्हणजे साठच्या दशकात एकाच तबकडीवर दोन हिट नोंदले जाऊ शकत होते, सत्तरीत तीच तबकडी एक हिट.

तिसरा ब्रिटनचा. तिथला चार्ट मे १९७८ मध्ये ७५ चा झाला, त्याआधी ५० चाच होता. झेगर अँड एव्हन्स १९६९ चे, म्हणजे त्यांच्या नावापुढे '७५ मध्ये दुसरं काही नाही' असं लिहिणं चूक. 'तेव्हाच्या ५० मध्ये नाही' एवढंच म्हणता येतं.

अलीकडच्या काळात उलटी गोष्ट झाली आहे. २००५ पासून डाउनलोड, मग स्ट्रीमिंग, आणि फेब्रुवारी २०१३ पासून यूट्यूबही हॉट १०० च्या हिशोबात आलं. त्याच आठवड्यात बावरचं 'हार्लेम शेक' थेट पहिल्या क्रमांकावर उतरलं. यूट्यूब दोन महिने उशिरा धरलं असतं तर ते कुठे दिसलं असतं कुणास ठाऊक. आणि दुसरीकडे मोठ्या कलाकाराचा अल्बम निघाला की सगळीच गाणी एकदम चार्टवर चढतात. मार्च २०१७ मध्ये ब्रिटनच्या पहिल्या २० मध्ये एड शीरनची १६ गाणी होती. मग त्याच वर्षी तिथे एका मुख्य कलाकाराला तीनच गाण्यांची मर्यादा घातली. अशा काळात 'शंभरात एकदा दिसला' याला साठच्या दशकातल्या एका क्रमांकाचं वजन नाही.


जिवाजीगंज (ग्वाल्हेर)

+१. शिवाय बाहा मेनचं 'हू लेट द डॉग्ज आउट' अमेरिकेत बरोबर ४० व्या क्रमांकावर थांबलं, हे लक्षात ठेवा. एक पायरी खाली असतं तर सैल पट्टीत तेही हिट नाही. गाणं मात्र घराघरांत पोचलेलं. सीमारेषेवर अडून बसण्यात अर्थ नाही, ३५ ते ४५ मधलं कार्ड असेल तर दुसरा एखादा पुरावा जोडा.


रेशीमवाट (इंदूर)

नावांबद्दल कुणी बोललं नाही. चुका तिथेच सर्वाधिक होतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

चार्टच्या संकेतस्थळावर कलाकाराच्या पानावर जाऊन सर्वोच्च क्रमांकाचा रकाना बघायचा, ही पहिली पायरी. पण ते पान तबकडीवर छापलेल्या नावावरून बनलेलं असतं. 'कम ऑन आयलीन' ब्रिटनमध्ये 'डेक्सीज मिडनाइट रनर्स अँड द एमरल्ड एक्सप्रेस' या नावाने निघालं, आणि त्याच वर्षी आलेलं दुसरं गाणं 'केव्हिन रोलँड अँड डेक्सीज मिडनाइट रनर्स' या नावाने. एकाच बँडची तीन नावं. एका नावावर शोधलंत तर अर्धी गाणी दिसणारच नाहीत. म्हणून बँडचं नाव, मुख्य गायकाचं नाव, आणि 'अमुकसह तमुक' अशी जोडनावं, तिन्ही शोधा.

मग प्रश्न येतो बँड आणि माणूस एकच का. माझं उत्तर: नाही. कार्ड नावाचं असतं. जॅनिस जॉप्लिनचं स्वतःच्या नावावर पहिल्या ४० मध्ये एकच गाणं, 'मी अँड बॉबी मगी', १९७१, तिच्या मृत्यूनंतर पहिल्या क्रमांकावर गेलेलं. 'पीस ऑफ माय हार्ट' तिच्या बिग ब्रदर बँडच्या नावावर आहे. आपल्याकडचा जवळचा मासला सिल्क रूट. 'डूबा डूबा' १९९८ चं, बँडच्या नावावर. त्याचा गायक मोहित चौहान पुढे 'तुम से ही', 'मसक्कली', 'रॉकस्टार'ची गाणी गाऊन कुठल्या कुठे गेला. कार्डावर 'सिल्क रूट' लिहिलंत तर वाद घालता येईल, 'मोहित चौहान' लिहिलंत तर कार्ड फाडावं लागेल.

तिसरं, एकच गाणं दोनदा आलं तर? कॉर्नरशॉपचं 'ब्रिमफुल ऑफ आशा' घ्या, आपल्या आशाताईंवरचं. १९९७ मध्ये मूळ रूपात ब्रिटनमध्ये ६० व्या क्रमांकावर आलं. नॉर्मन कुकने त्याची गती वाढवून रीमिक्स केलं आणि फेब्रुवारी १९९८ मध्ये तेच पहिल्या क्रमांकावर. ही दोन हिट मोजायची नाहीत, गाणं एकच. पण ब्रिटिश पट्टीने कॉर्नरशॉप तरीही वन-हिट वंडर ठरत नाही, कारण त्यानंतरचं 'स्लीप ऑन द लेफ्ट साइड' २३ व्या क्रमांकावर गेलेलं आहे. इतकी वर्षं बहुतेक जण त्यांना एका गाण्याचेच मानतात. सवयीने.

पंजाबी एमसीचंही तसंच. 'मुंडियाँ तो बच के' २००३ मध्ये ब्रिटनमध्ये ५ वर, रॅपर जे-झीच्या भरीसह अमेरिकेत ३३ वर. अमेरिकेचा हिशोब धरला तर एकच गाणं. ब्रिटनचा धरला तर त्याच वर्षी 'जोगी' २५ वर आहे.


तबकडी७८ (इंदूर)

रेशीमवाट, हे फार कामाचं. 'कोणत्या नावाने' हा रकाना दुसरा. आता खरा गुंता. चाळीसपैकी निम्मी कार्डं हिंदी-मराठी हवीत, नाहीतर मागच्या रांगा उठून जातील. आपल्याकडे पट्टी कोणती लावायची?


शॉर्टवेव्ह (इंदूर)

आपल्याकडे विक्रीचा विश्वासार्ह साप्ताहिक चार्ट कधीच नव्हता, हे आधी मान्य करू. जवळात जवळची वस्तू म्हणजे बिनाका गीतमाला. १९५२ मध्ये आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळजवळ हद्दपार झाली, तेव्हा नभोवाणी खात्याचे मंत्री बा. वि. केसकर होते. श्रोते शॉर्टवेव्हवर रेडिओ सिलोनकडे वळले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमीन सायानींचा हा कार्यक्रम तिथे सुरू झाला. तबकड्यांच्या दुकानांतली विक्री आणि श्रोता संघांची पत्रं, यांवरून पायदानं, म्हणजे गाण्यांचे क्रमांक, ठरत. १९५३ पासूनच्या वार्षिक याद्या मिळतात. १९८९ पासून कार्यक्रम विविध भारतीवर आला.

उपयोग करायचा तर तिच्या तीन मर्यादा धरून. यादी गाण्याची आहे, गायकाची नाही. तिच्यात फक्त हिंदी चित्रपटगीतं आहेत, म्हणजे नव्वदच्या दशकातलं इंडीपॉप (चित्रपटाबाहेरचं हिंदी पॉप) आणि मराठी भावगीत दोन्ही बाहेर. आणि दुकानांचा कल शहरांकडचा. एफएमचं म्हणाल तर रेडिओ मिरचीचं पहिलं केंद्र २००१ मध्ये आपल्या इंदूरलाच सुरू झालं, पण एफएमवर रोज काय किती वेळा वाजलं याच्या जुन्या नोंदी आपल्या हाती येत नाहीत. त्यांच्यावर कार्ड बांधता येणार नाही.


मांडवी (बडोदे)

हिंदी चित्रपटात मोजायचं कुणाला, हे आधी ठरवा. गायक, संगीतकार, गीतकार, पडद्यावरचा चेहरा? सुधा मल्होत्रांचं उदाहरण बघा. 'दीदी' १९५९, संगीत एन. दत्ता यांचं. ते आजारी पडल्यामुळे 'तुम मुझे भूल भी जाओ'ची चाल सुधा मल्होत्रांनी लावली. संगीतकार म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं ते या एकाच गाण्यासाठी. गायिका म्हणून त्यांना वन-हिट म्हणायची कुणाची छाती आहे?

आणि मराठीतही घाई नको. 'शुक्रतारा मंदवारा' एवढ्यावरच सुधा मल्होत्रांची मराठी कारकीर्द संपली असं अनेक जण सांगतात. अरुण दात्यांबरोबरच त्यांनी 'हात तुझा हातात' म्हटलेलं आहे. इंदूरकरांना हे सांगायला नको, अरुण दाते तुमच्याच गावचे.

प्रीती सागरचंही कार्ड करू नका. 'ज्यूली'चं 'माय हार्ट इज बीटिंग' १९७५ चं. पुढच्याच वर्षी 'मंथन'मधलं 'मेरो गाम कथा पारे', आणि त्याला फिल्मफेअर पुरस्कार. आमच्याकडे तर लोकांना हे दुसरं गाणंच आधी आठवतं.


रामबाग (इंदूर)

हेंड्रिक्सची चाळणी इथेही लावा. 'हमें तुमसे प्यार कितना' परवीन सुलतानांनी 'कुदरत'साठी गायलं, १९८१. ज्याला शास्त्रीय गाणं माहीत नाही तो म्हणेल, एकच गाणं. त्यांचं मैदानच वेगळं आहे. अमेरिकेतला बॉबी मॅकफेरिन तसाच. 'डोन्ट वरी, बी हॅपी' १९८८ मध्ये पहिल्या क्रमांकावर, पॉपमध्ये दुसरं हिट नाही, पण मूळचा जॅझचा गायक आणि ग्रॅमी पुरस्कारांची रांग. माझं मत असं की ज्याचं नाव त्या गाण्याशिवायही आपल्या मैदानात उभं आहे, त्याचं कार्ड करू नये.


जिवाजीगंज (ग्वाल्हेर)

कब्बन मिर्झा? 'रझिया सुलतान', १९८३, खय्याम. 'आई ज़ंजीर की झनकार' आणि 'तेरा हिज्र मेरा नसीब है', दोन्ही त्यांचीच. विविध भारतीचे निवेदक, पार्श्वगायक म्हणून ओळख या एकाच चित्रपटाची. दोन गाणी मोजायची की एक?


रेशीमवाट (इंदूर)

ही सगळ्यात चांगली शंका आहे. माझ्या मते उत्तर गाणं कशावर विकलं गेलं त्यावर आहे. ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीवर एका बाजूला साधारण तीन मिनिटांचं एकच गाणं बसे. गिऱ्हाईक दुकानात जाऊन दोन गाणी विकत घेई, बाकीचा चित्रपट नाही. त्या काळात प्रत्येक गाण्याची खपाची परीक्षा वेगळी होत होती, म्हणून गाणी वेगळी मोजणं रास्त. एलपी आणि नंतर कॅसेट आली तशी सगळी गाणी एका गठ्ठ्यात खपायला लागली. तेव्हापासून एका चित्रपटातल्या एकाच गायकाच्या गाण्यांना एक संधी धरावं. १९८३ चा काळ दुसरा. म्हणजे कब्बन मिर्झा पात्र.

मुबारक बेगमचं कार्ड मात्र दोन्हीकडून पडतं. 'कभी तनहाइयों में यूँ' १९६१ चं, 'मुझको अपने गले लगा लो' १९६३ चं. चित्रपट वेगळे, तबकड्या वेगळ्या, दोन्ही गाणी आजही म्हटली जातात.


तबकडी७८ (इंदूर)

पटलं. इंडीपॉपचं काय करायचं? तिथे गीतमालाही नाही.


रेशीमवाट (इंदूर)

तिथे कंपन्यांनी सांगितलेले कॅसेटखपाचे आकडे वापरू नका. ते जाहिरातीसाठी असत, आणि बाजारात नकली कॅसेटी इतक्या होत्या की खरा खप कंपनीलाही कळत नसे. त्याऐवजी दोन गोष्टी करा.

एक, स्ट्रीमिंगवर त्या कलाकाराचं सर्वाधिक ऐकलं गेलेलं गाणं आणि त्याच्या खालचं दुसरं, यांच्या ऐकण्याच्या आकड्यांचं गुणोत्तर काढा, एकाच मंचावर, एकाच दिवशी. पहिलं दुसऱ्याच्या दहापट किंवा अधिक असेल तर कार्ड ठेवा. तिपटी-चौपटीच्या आत असेल तर काढा. मधलं असेल तर दुसरी कसोटी लावा. यात चुका कुठे होतात तेही लिहिते. एकच जुनं गाणं चार-पाच वाहिन्यांवर वेगवेगळं चढवलेलं असतं, सगळ्यांची बेरीज करावी लागते. कलाकाराच्या पानावर दुसऱ्याच कुणाच्या गाण्यातला त्याचा पाहुणा आवाजही मोजला जातो, तो वजा करा. नावसाधर्म्य असलेला दुसराच गायक मिसळलेला असतो. आणि नव्या रीमेकच्या श्रेयात मूळ गायकाचं नाव घातलेलं असेल तर तो आकडा फुगतो, कारण तो रीमेकचा आहे.

दुसरी कसोटी ऑर्केस्ट्राची. गावातल्या दोन-तीन ऑर्केस्ट्रांच्या वहीत त्या कलाकाराची किती गाणी आहेत ते विचारा. फर्माईश आल्याशिवाय ते लोक गाणं बसवत नाहीत, त्यामुळे ही वही फार खरी असते. अल्ताफ राजाचं कार्ड याच कसोटीवर पडतं. 'तुम तो ठहरे परदेसी'पुढे बाकी सगळं लहान दिसतं हे खरं, पण 'शपथ'मधलं 'थोड़ा इंतज़ार का मज़ा लीजिए' माळव्यातल्या लग्नांत अजून मागितलं जातं. २०१३ च्या 'घनचक्कर'मधलं 'झोलू राम' तिसरं.

आर्यन्सचं 'आँखों में तेरा ही चेहरा' मात्र फेरीत जरूर घ्या. व्हिडिओतला शाहिद कपूर सगळे सांगतील, बँडचं नाव फार थोडे. कार्डावर बँडच विचारा.


जिवाजीगंज (ग्वाल्हेर)

व्हायरल गाणी? यूट्यूबवरची मराठी?


शॉर्टवेव्ह (इंदूर)

थांबा म्हणेन. दहा वर्षं झाल्याशिवाय शिक्का मारू नये. सायचं 'गंगनम स्टाइल' २०१२ मध्ये अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकावर होतं तेव्हा सगळ्यांनी त्याला एका गाण्याचा म्हणून मोडीत काढलं. पुढच्याच वर्षी 'जंटलमन' ५ वर. उलट गोतिएचं 'समबडी दॅट आय यूज्ड टू नो' त्याच २०१२ मध्ये आठ आठवडे पहिलं, आणि दहा वर्षं उलटून गेली तरी पहिल्या ४० मध्ये दुसरं नाही. तो आता बिनधास्त घ्या. कालपरवा पाच-सात गाणी केलेल्या पोराला मंडपात शंभर माणसांसमोर वन-हिट म्हणणं मला तरी बरं वाटत नाही. त्याचं दुसरं गाणं अजून यायचंय.


तबकडी७८ (इंदूर)

ठरलं. प्रत्येक कार्डामागे चार रकाने: कुठे, कोणत्या चार्टवर, कोणत्या नावाने, शेवटचं कधी तपासलं. पाश्चात्त्य कार्डांना अमेरिकेचे पहिले ४०, अल्बमची आणि मैदानाची चाळणी लावून. १९९१ ते १९९८ मधलं गाणं असेल तर रेडिओचा चार्टही बघायचा. हिंदी-मराठीला कॅसेटच्या काळापासून एक चित्रपट म्हणजे एक संधी. इंडीपॉपला दहापटीचं गुणोत्तर आणि ऑर्केस्ट्राची वही. दहा वर्षांच्या आतलं काही नाही.

या हिशोबाने आत्तापर्यंत पक्की झालेली: कार्ल डग्लस, झेगर अँड एव्हन्स, लॉस डेल रिओ ('माकारेना'), गोतिए, बाहा मेन (जोडपुराव्यासह), पंजाबी एमसी, कब्बन मिर्झा. सिल्क रूट आणि आर्यन्स गुणोत्तर काढून झालं की. बाद: आ-हा, व्हॅनिला आइस, हेंड्रिक्स, कॉर्नरशॉप, प्रीती सागर, मुबारक बेगम, अल्ताफ राजा.


मांडवी (बडोदे)

लॉस डेल रिओच्या कार्डावर 'दुसरं गाणं चार्टवर कधीच नाही' असं लिहू नका. 'माकारेना' १९९६ मध्ये १४ आठवडे पहिलं होतं ते बेसाइड बॉइजच्या रीमिक्समुळे. त्याच नाताळात त्यांचं 'माकारेना ख्रिसमस' हॉट १०० वर ५७ व्या क्रमांकावर आलेलं आहे. कडक पट्टीने ते बाद होतात, सैल पट्टीने राहतात.


तबकडी७८ (इंदूर)

बरं झालं आत्ताच सांगितलंत, ते कार्ड उद्या छापायला जाणार होतं. पुराव्याची ओळ बदलून 'अमेरिका, पहिले ४०, एकदाच' एवढीच ठेवली आहे. मुखडा तोच राहील.